गुडघ्यातला जंतू आला कुठून? एका अनुमानाचा इतिहास

आज समोर बसलेल्यांपैकी, किंवा हे व्याख्यान नंतर वाचणाऱ्यांपैकी, ज्यांच्या घरात किंवा नात्यात कोणाचाच गुडघा किंवा खुबा बदललेला नाही असे लोक आता थोडेच असतील. आमच्या वयाच्या मंडळींत तर भेट झाली की आधी गुडघ्याची चौकशी होते आणि मग नातवंडांची. शस्त्रक्रिया बहुतेकांची चांगली होते. माणसं जिने चढतात, यात्रेला जातात. पण शंभरात एखाद्या-दोघांच्या कृत्रिम सांध्यात पुढे जंतुसंसर्ग होतो. कधी शस्त्रक्रियेनंतर महिन्याभरात, तर कधी सगळं सुरळीत चालू असताना पाच-दहा वर्षांनी. आज मला या दुसऱ्या प्रकाराबद्दल बोलायचं आहे.

सांध्यात पू झाला की दोन प्रश्न विचारता येतात. पहिला, जंतू कोणता? दुसरा, तो आला कुठून? पहिल्या प्रश्नाचं उत्तर प्रयोगशाळा देते. ते मिळालं की औषध ठरतं, शस्त्रक्रिया ठरते आणि सगळे कामाला लागतात. दुसरा प्रश्न मात्र पुष्कळदा विचारलाच जात नाही. आणि काही थोड्या रुग्णांच्या बाबतीत त्या दुसऱ्या प्रश्नावरच त्यांचा जीव अवलंबून असतो. कारण गुडघ्यातला तो जंतू हा आतड्यात लपलेल्या कर्करोगाचा पहिला निरोप असू शकतो. हा निरोप वाचायला वैद्यक कसं शिकलं, आणि शिकल्यावरही तो कसा हरवतो, हा आजचा विषय आहे.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. म्हणजे डॉक्टरेट आहे, पण ती तत्त्वज्ञानातली. त्या डॉक्टरेटने कोणाचा ताप उतरत नाही. तेव्हा माझ्या बोलण्यावरून कोणी आपला उपचार ठरवू नये. पण हा विषय मला माझ्या घरचा वाटतो, कारण तो शेवटी अनुमानाचा विषय आहे. जे दिसतं त्यावरून जे दिसत नाही ते ओळखायचं. आपल्याकडे न्यायदर्शनात याची फार बारीक चर्चा आहे. अनुमानाचे जे प्रकार गौतमाने सांगितले, त्यांत एक आहे ‘शेषवत्’, म्हणजे कार्यावरून कारणाकडे जाणारं अनुमान. वात्स्यायनाने त्याला दिलेलं उदाहरण असं: नदी फुगलेली, गढूळ, वेगाने वाहणारी दिसली, की वरच्या अंगाला पाऊस झाला असं आपण ओळखतो. पाऊस आपण पाहिलेला नसतो. आपण उभे असतो खाली, घाटावर. हे उदाहरण लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत. आपला गुडघा म्हणजे हा घाट आहे, आणि पाऊस कुठेतरी वर पडलेला आहे.

आता इतिहास. कृत्रिम सांध्याची गोष्ट साधारणपणे इंग्लंडमधून सुरू करतात, पण मी ती बर्लिनमधून सुरू करतो. १८९० सालच्या मे महिन्यात थेमिस्टोक्लेस ग्लुक नावाच्या सर्जनने एका सतरा वर्षांच्या मुलीच्या गुडघ्यात हस्तिदंताचा सांधा बसवला. हस्तिदंत! आज ऐकताना विचित्र वाटतं, पण कल्पना विलक्षण होती. बिजागरीसारखा सांधा, हाडात बसवायला दांडे आणि तो घट्ट राहावा म्हणून एक प्रकारचं सिमेंट. म्हणजे आजच्या शस्त्रक्रियेतल्या बऱ्याच गोष्टी त्यात बीजरूपाने होत्या. ग्लुकने असे आणखीही सांधे बसवले. सुरुवातीला निकाल चांगले दिसले. पुढे सगळं फसलं.

का फसलं? हस्तिदंत वाईट होतं म्हणून नव्हे. ज्या सांध्यांत ते बसवलं, ते सांधे मुळात क्षयाने खाल्लेले होते. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने १८८२ साली याच बर्लिनमध्ये दाखवला होता. म्हणजे रोग ठाऊक होता, जंतू ठाऊक होता. पण सांधा हा एक मोडका भाग आहे, तो काढून नवा टाकला की काम झालं, असा विचार झाला. आतला आजार जिथल्या तिथे राहिला आणि त्याने नवा सांधा निकामी केला. कृत्रिम सांध्याच्या इतिहासाचं पहिलं पानच असं आहे. सांधा शरीरापासून सुटा नसतो, हा धडा तिथे लिहिलेला आहे. तो पुन्हा पुन्हा विसरला गेला.

यानंतरची सत्तर वर्षं मी भरभर ओलांडतो. सांध्याची शस्त्रक्रिया सुरक्षित होण्यासाठी आधी जखम निर्जंतुक ठेवता यायला हवी होती. त्याचा पाया जोसेफ लिस्टरने १८६७ साली कार्बोलिक आम्लाचा वापर प्रसिद्ध करून घातला होता. त्याच्या जोरावर १८७७ साली त्याने लंडनमध्ये गुडघ्याची मोडलेली वाटी उघडून चांदीच्या तारेने जोडली. त्या काळात धडधाकट कातडी कापून गुडघा उघडणं म्हणजे रोग्याला मृत्यूच्या दारात नेण्यासारखं होतं. लिस्टरचं नाव लक्षात ठेवा, पुढे ते एका गमतीदार जागी येणार आहे.

मग येतात जॉन चार्नली. इंग्लंडमधल्या लँकेशायरमध्ये राइटिंग्टन नावाचं रुग्णालय आहे. ते १९३३ साली सुरू झालं ते क्षयरोग्यांसाठी. पुढे औषधांमुळे क्षय मागे हटला आणि त्याच जागी चार्नलींनी खुबा बदलण्याचं केंद्र उभं केलं. इतिहासाला योगायोग आवडतात म्हणायचे! १९६२ च्या नोव्हेंबरात त्यांनी पोलादाचा लहान गोळा आणि पॉलिइथिलीनची वाटी वापरून जो खुबा बसवला, तिथून आजच्या सांधेबदलाची खरी सुरुवात होते.

चार्नलींचा मोठा शत्रू होता जंतुसंसर्ग. सुरुवातीला त्यांच्या रुग्णांत तो शंभरात सात किंवा त्याहूनही जास्त होता. त्यांनी निष्कर्ष काढला की जंतू शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या हवेतून येतात. मग त्यांनी टेबलाभोवती काचेची खोलीच उभी केली. तिला लोक ‘ग्रीनहाऊस’ म्हणत. तिथे गाळलेली हवा खेळवली, सर्जनच्या अंगभर झगे आणि श्वास बाहेर ओढून नेणाऱ्या नळ्या बसवल्या. संसर्ग शंभरात एकाच्याही खाली आला. पुढे १९८२ साली सुमारे आठ हजार शस्त्रक्रियांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि शुद्ध हवेमुळे खरोखरच फरक पडतो हे त्यात दिसलं.

हे यश फार मोठं होतं. पण प्रत्येक मोठं यश आपल्याबरोबर एक सवय घेऊन येतं. इथे सवय लागली ती अशी: सांध्यात जंतू सापडला की तो शस्त्रक्रियेच्या वेळीच शिरला असणार. दोष खोलीचा, हातमोज्यांचा किंवा हवेचा. म्हणजे ‘कुठून आला’ याचं एक ठरलेलं उत्तर तयार झालं. आणि ठरलेलं उत्तर तयार असलं की प्रश्न विचारणं थांबतं.

ही सवय मोडायला दोन गोष्टी कारणीभूत झाल्या. एक म्हणजे परकी वस्तू शरीरात असली की काय होतं याची समज. १९५७ साली लंडनमध्ये एलेक आणि कोनेन या दोघांनी स्वयंसेवकांवर एक प्रयोग केला. त्यांनी स्टॅफिलोकॉकस जंतू त्वचेत टोचले. पू होण्यासाठी काही दशलक्ष जंतू लागले. पण त्याच ठिकाणी रेशमी धाग्याचा एक टाका असला तर काही शे जंतूही पुरले. फक्त एक टाका! मग गुडघ्यातला एवढा धातू आणि प्लास्टिक काय करत असेल? पुढे अँथनी ग्रिस्टिना यांनी १९८७ साली याचं एक सुंदर चित्र मांडलं. त्यांचं म्हणणं, धातूच्या पृष्ठभागावर आधी कोण जागा पकडतं, शरीराच्या पेशी की जंतू, याची शर्यत असते. जंतू जिंकले की ते आपल्याभोवती चिकट थर तयार करतात. मोरीच्या फरशीला हात लावला की बुळबुळीत लागतं ना, तसा. त्याला बायोफिल्म म्हणतात. त्या थराखाली औषध नीट पोचत नाही आणि शरीराचे शिपाईही पोचत नाहीत.

याचा अर्थ असा की शरीरात इतर कुठेही थोडेसे जंतू रक्तात आले आणि एरवी ते निमूटपणे मारले गेले असते, तरी कृत्रिम सांध्यात त्यांना घर मिळतं. कृत्रिम सांधा हा एक प्रकारचा सापळा आहे. रक्तातून जाणाऱ्या वाटसरूला तो अडकवून ठेवतो.

दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या मार्क कॉव्हेंट्री यांनी १९७५ साली खुब्याच्या संसर्गांचे टप्पे पाडले. पहिला शस्त्रक्रियेनंतर लगेचचा, दुसरा काही महिन्यांनी हळूहळू डोकं वर काढणारा. तिसरा मात्र वेगळा: सांधा व्यवस्थित चालू आहे, माणूस फिरतोय, आणि एके दिवशी अचानक सूज, ताप, वेदना. हा संसर्ग रक्तातून आलेला. म्हणजे आता ‘कुठून आला’ याला दुसरं उत्तर मिळालं. शस्त्रक्रियेच्या खोलीतून नव्हे, रोग्याच्या स्वतःच्या शरीरातून. दात किडलेला असेल, पायाला जखम असेल, लघवीच्या मार्गात संसर्ग असेल. किंवा आतड्यात काही असेल.

आता आपण आतड्याकडे जाऊ. त्यासाठी पुन्हा १८७७ साली जावं लागेल. लंडनमध्ये लिस्टर गुडघ्याची वाटी जोडत होता त्याच वर्षी फ्रान्समध्ये लुई पाश्चर आणि जूल्स जूबेर काळपुळीचा, म्हणजे अँथ्रॅक्सचा, अभ्यास करत होते. मेलेल्या जनावरांच्या रक्तात त्यांना एक निराळाच जंतू सापडला. तो हवेत मरायचा आणि हवा नसली की वाढायचा. त्याला त्यांनी ‘व्हिब्रियॉन सेप्टिक’ म्हटलं. आज तो क्लॉस्ट्रिडियम सेप्टिकम या नावाने ओळखला जातो. पुढे कितीतरी वर्षं त्याची ओळख होती ती घाण झालेल्या जखमांचा, युद्धातल्या वायुकोथाचा, म्हणजे गॅस गँगरीनचा जंतू म्हणून. जखमेत माती गेली, जंतू गेला, झालं.

पण काही रुग्णांना जखमच नसायची. कुठेही कापलेलं नाही, पडलेलं नाही, आणि तरी हा जंतू शरीरात. १९६९ साली आल्पर्न आणि डॉवेल यांनी अशा संसर्गाच्या २७ रुग्णांची माहिती एकत्र मांडली. त्यांपैकी २३ जणांना कर्करोग होता. सत्तावीसपैकी तेवीस! एकेका डॉक्टरने आयुष्यात असा एखादाच रोगी पाहिलेला. एकट्याला हा संबंध दिसणं कठीण होतं. सगळे एका कागदावर आले तेव्हा तो दिसला. कारणही समजण्यासारखं आहे. आतड्यातली गाठ वाढते, तिच्या मधल्या भागाला रक्त कमी पडतं, प्राणवायू कमी पडतो. हवा न मानवणाऱ्या जंतूला ही जागा म्हणजे माहेर. आणि गाठीवर व्रण पडला की रक्तात जायला दार उघडं.

दुसरी गोष्ट स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिसची. ‘बोव्हिस’ म्हणजे गाईगुरांचा. १९५१ साली अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात मॅकॉय आणि मेसन या दोन डॉक्टरांनी एकाच रुग्णाची हकीकत छापली. त्याच्या हृदयाच्या झडपेला आतड्यातल्या जंतूचा संसर्ग होता, आणि मोठ्या आतड्याच्या शेवटाकडच्या भागात कर्करोग होता. हा संबंध असू शकेल असं त्यांनी सुचवलं. त्या वेळी या जातीच्या जंतूंची वर्गवारी ढोबळच होती. नंतर ती बारीक होत गेली आणि बोट बोव्हिसकडे वळलं. १९७७ साली रॉबर्ट क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आकडे दिले. मोठ्या आतड्याचा कर्करोग असलेल्या ६३ जणांपैकी ३५ जणांच्या विष्ठेत हा जंतू सापडला. तो कर्करोग नसलेल्या १०५ जणांत मात्र फक्त ११ जणांत. त्यानंतर नियमच झाला: रक्तात किंवा हृदयाच्या झडपेवर बोव्हिस सापडला, की आतडं दुर्बिणीने तपासा.

लक्षात घ्या, हा नियम आधी हृदयाच्या डॉक्टरांनी शिकला. सांध्याच्या डॉक्टरांकडे तो उशिरा आला. पण झडप काय आणि कृत्रिम सांधा काय, रक्तातला वाटसरू अडकण्याची दोन्ही ठिकाणं. हळूहळू वैद्यकीय नियतकालिकांत एकेक हकीकत येऊ लागली: खुबा बदललेला, वर्षं चांगली गेलेली, अचानक दुखू लागला, पाणी काढून तपासलं तर बोव्हिस. मग आतडं तपासलं, तर गाठ किंवा पुढे कर्करोग होऊ शकेल असा मस्सा. पोटाची काही तक्रार नव्हती. क्लॉस्ट्रिडियम सेप्टिकमच्याही अशा हकीकती आहेत. म्हणजे पोट गप्प होतं आणि गुडघा बोलत होता.

इथे कोणी घाबरून जाण्याआधी मला नैयायिकांना बोलवावं लागेल. वात्स्यायनाची नदी आठवते ना? न्यायसूत्रांत गौतमाने तिच्यावरचा आक्षेपही नोंदवला आहे. आक्षेप घेणारा म्हणतो: नदी फुगली म्हणून पाऊस झालाच असं कशावरून? कोणीतरी खाली बांध घातला असेल. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या म्हणून पाऊस येणार म्हणता, पण कोणीतरी त्यांचं वारूळच मोडलं असेल. मोराची केका ऐकू आली म्हणता, पण एखादा माणूस मोराचा आवाज काढत असेल. म्हणजे हेतू व्यभिचारी आहे, तो साध्य सोडूनही आढळतो. याला जे उत्तर दिलं आहे ते मला आजही कुठल्याही वैद्यकीय पाठ्यपुस्तकात घालावंसं वाटतं. उत्तर असं: नुसतं पाणी वाढलेलं हा हेतू नव्हेच. प्रवाहाचा वेग, खूप फेस, वाहत आलेली पानं, फळं, लाकडं या सगळ्यांसकट आलेलं पाणी हा हेतू. बांधामुळे तुंबलेलं पाणी असं नसतं. चूक अनुमानाची नव्हे, खूण नीट न पाहणाऱ्याची.

तेच इथे लावा. सांध्यातला संसर्ग ही खूण नव्हे. सांध्याच्या संसर्गांपैकी निम्म्याहून अधिक स्टॅफिलोकॉकस कुळातल्या जंतूंचे असतात. ते आपल्या त्वचेवर, नाकात राहतातच. त्यावरून कोणी कर्करोगाचं अनुमान केलं तर ते बांधाने तुंबलेल्या पाण्यावरून पाऊस सांगण्यासारखं होईल. त्याचप्रमाणे विष्ठेत बोव्हिस सापडणं हीही पुरेशी खूण नाही, कारण क्लाइन यांच्या अभ्यासात कर्करोग नसलेल्यांतही दहातल्या एकाकडे तो होताच. खूण आहे ती अशी: हा विशिष्ट जंतू, रक्तात किंवा रक्तातून सांध्यात, आणि दुसरं उघड कारण नसताना. पानाफांद्यांसकट आलेलं पाणी.

आणखी एक भेद आपल्या परंपरेत आहे, कारक हेतू आणि ज्ञापक हेतू. एक घडवणारा, दुसरा कळवणारा. धुरामुळे अग्नी पेटत नाही, पण धूर अग्नी कळवतो. बोव्हिसमुळे कर्करोग होतो की कर्करोगाच्या गाठीमुळे बोव्हिसला रक्तात शिरायला वाट मिळते, यावर शास्त्रज्ञांत अजूनही वाद आहे. तो वाद महत्त्वाचा आहे, चालू राहू दे. पण समोरच्या रुग्णासाठी तो सुटेपर्यंत थांबायची गरज नाही. धूर दिसला की डोंगरावर जाऊन बघायचं.

डोंगरावर प्रत्येक वेळी कर्करोगच असतो असंही नाही. वेगवेगळे जंतू वेगवेगळ्या गोष्टी कळवतात. मघाशी लिस्टरचं नाव लक्षात ठेवायला सांगितलं होतं. १९२६ साली केंब्रिजमध्ये मरी, वेब आणि स्वान यांना प्रयोगशाळेतले ससे मरताना एक नवा जंतू सापडला. पुढे त्याला लिस्टरचं नाव दिलं गेलं, लिस्टेरिया. जंतूंपासून जखमा वाचवणाऱ्या माणसाचं नाव एका जंतूला! हा जंतू अन्नातून पोटात जातो. निरोगी माणसाला सहसा फार त्रास देत नाही. २०१२ साली फ्रान्समधून हाडं आणि सांध्यांतल्या लिस्टेरियाच्या ४३ रुग्णांचा अभ्यास आला, त्यांतल्या बहुतेकांच्या शरीरात कृत्रिम सांधा किंवा तत्सम वस्तू होती. तेव्हा लिस्टेरिया सांध्यात सापडला की प्रश्न असा विचारायचा: या माणसाची प्रतिकारशक्ती कशाने कमी झाली आहे? औषधाने, वयाने, मधुमेहाने, की रक्ताच्या एखाद्या न कळलेल्या आजाराने?

आपल्या देशासाठी मी दोन नावं मुद्दाम घेतो. पहिलं क्षय. ग्लुकचा जुना वैरी. क्षयाचा जंतू शरीरात वर्षानुवर्षं झोपून राहू शकतो आणि प्रतिकारशक्ती उतरली की जागा होतो, कृत्रिम सांध्यातही. नेहमीच्या कल्चरमध्ये तो उगवत नाही, त्याची वेगळी तपासणी सांगावी लागते आणि उत्तराला आठवडे लागतात. दुसरं ब्रुसेला. डेव्हिड ब्रूसने १८८७ साली माल्टा बेटावर तो शोधला, आणि थेमिस्टोक्लेस झॅमिट यांनी १९०५ साली दाखवलं की तो शेळ्यांच्या दुधातून येतो. होय, हेही थेमिस्टोक्लेसच! आपल्याकडे धारोष्ण दुधाचं कौतुक अजून आहे. गोठ्यात काम करणाऱ्या, जनावरांची वीण पाहणाऱ्या माणसाच्या सांध्यात हा जंतू सापडला तर तो त्या माणसाचं जगणंच सांगत असतो. आणि घरातल्या इतरांनाही तपासायला हवं हेही सांगत असतो.

आता आपण शेवटच्या भागाकडे येतो. इतकी वर्षं लागून मिळालेली ही खूण हरवते कशी?

एक, ती नावात हरवते. बोव्हिस हे नाव एका जंतूचं नसून अनेक जवळच्या जंतूंचं आहे हे पुढे कळलं. १९९५ साली ओसावा आणि सहकाऱ्यांनी ‘गॅलोलिटिकस’ नावाची जाती मांडली. हे नाव गॅलिक आम्लावरून आलं. आपल्या माजूफळात असतं ते. त्याआधी ओसावा कोआला या प्राण्याच्या विष्ठेतल्या अशाच जंतूंचा अभ्यास करत होते, निलगिरीची तुरट पानं तो कसा पचवतो हे पाहायला. २००३ साली नवी विभागणी झाली आणि आतड्याच्या कर्करोगाशी ज्याचा घट्ट संबंध होता तो बोव्हिस ‘स्ट्रेप्टोकॉकस गॅलोलिटिकस’ झाला. शास्त्राच्या दृष्टीने हे योग्यच झालं, उलट खूण जास्त नेमकी झाली. पण ज्या डॉक्टरांनी विद्यार्थीदशेत ‘बोव्हिस दिसला की आतडं बघा’ हे पाठ केलं होतं, त्यांच्या हातात आता वेगळ्याच नावाचा कागद येतो. नाव म्हणजे नुसती चिठ्ठी नसते, त्याला आठवण बांधलेली असते. चिठ्ठी बदलली की आठवण सुटते. वैद्यकीय लेखनात ही काळजी अनेकांनी बोलून दाखवली आहे. साधा उपाय असा की प्रयोगशाळेने नव्या नावापुढे जुनं नाव लिहावं, आणि खाली एक ओळ: आतड्याची तपासणी करावी.

दोन, खूण पुसली जाते. गुडघा सुजला, ताप आला, की आपण आधी काय करतो? मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या गोळ्या आणतो. सूज उतरते, पुन्हा येते. मग नमुना घेतात आणि त्यात काहीच उगवत नाही. जंतू मेलेला नसतो, तो त्या बुळबुळीत थराखाली बसलेला असतो. पण साक्ष द्यायच्या स्थितीत नसतो. म्हणूनच रुग्ण अत्यवस्थ नसेल तर सर्जन आधी नमुना आणि मग औषध असा क्रम धरतात. काही जंतू हळू वाढतात, त्यासाठी नमुने दोन आठवड्यांपर्यंत सांभाळतात. हा उशीर नव्हे, ही चौकशी आहे.

तीन, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, खूण दोन टेबलांच्या मध्ये पडते. गुडघा हाडांच्या डॉक्टरांचा. जंतू प्रयोगशाळेचा. आतडं पोटाच्या डॉक्टरांचं. प्रत्येकाने आपापलं काम चोख केलं तरी त्या तिघांना जोडणारं वाक्य कोणाच्याच फाइलमध्ये नसतं. गुडघा बरा होतो, फाइल बंद होते. आतड्यातली गाठ तिथेच असते. ती लवकर सापडली तर काढून टाकता येते, मस्सा असेल तर दुर्बिणीतूनच काढता येतो. उशिरा सापडली तर मग आपण सगळे जाणतोच. दोन्हींच्या मध्ये अंतर असतं एका न विचारलेल्या प्रश्नाचं.

म्हणून आपल्यासारख्या सामान्य माणसांनी काय करायचं? अनुमान आपण करायचं नाही, ते तज्ज्ञांचं काम. पण प्रश्न विचारायचा अधिकार प्रत्येकाला आहे. घरात कोणाच्या कृत्रिम सांध्यात संसर्ग झाला, तर कल्चरचा रिपोर्ट जपून ठेवा. जंतूचं नाव लिहून घ्या. आणि डॉक्टरांना नम्रपणे विचारा: हा जंतू नेहमीचा आहे का? तो शरीरात कुठून आला असेल? त्यासाठी आणखी काही तपासायला हवं का? पुष्कळदा उत्तर येईल, ‘नेहमीचाच आहे, काळजी नको.’ छान. पण उत्तर आलं ‘हा जरा वेगळा आहे’, तर पुढची तपासणी टाळू नका. ‘गुडघा दुखतोय आणि हे पोटात दुर्बीण घालायला सांगतायत’ म्हणून हसण्यावारी नेऊ नका. आपल्याकडे वडीलधाऱ्यांना आतड्याची तपासणी करून घ्यायला लाज वाटते, खर्चाची भीती वाटते. मुलांनी जरा समजावून घ्यावं, बरोबर जावं.

ग्लुकने सांधा बदलला आणि रोग तसाच ठेवला, त्याला आता एकशे तीस वर्षांहून अधिक झाली. त्याच्याकडे क्षयावर औषध नव्हतं, दुर्बीण नव्हती, आजच्यासारखी प्रयोगशाळा नव्हती. आपल्याकडे हे सगळं आहे. जे कमी पडतं ते यंत्र नव्हे. घाटावर उभं राहून गढूळ पाणी पाहताना नदीच्या वरच्या अंगाकडे मान वळवायची, एवढीच ती सवय आहे. तिला खर्च फार नाही.